ती वेळ आणि तो वेळ

इंग्रजीतली दोन वाक्यं घ्या. ‘द डॉक्टर केम ऑन टाइम’ आणि ‘द डॉक्टर केम इन टाइम’. दोन्हींत पाच-पाच शब्द. त्यांतले चार अगदी तेच, फरक फक्त दोन अक्षरांच्या एका शब्दयोगी अव्ययाचा. पण पहिल्या वाक्यातला रुग्ण कदाचित दगावलेला असेल, आणि दुसऱ्या वाक्यातला नक्की वाचलेला आहे.

पहिल्या डॉक्टरांनी सकाळी दहाला येतो म्हणून सांगितलं होतं आणि ठीक दहाला ते दारात उभे होते. ठरल्याप्रमाणे आले. पण दुखणं साडेनवालाच हाताबाहेर गेलं असेल, तर त्यांच्या या वेळ पाळण्याचा घरातल्या कुणालाच उपयोग झाला नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी काहीच सांगितलेलं नव्हतं. मध्यरात्री फोन गेला, ते तसेच उठले, वाटेत पाऊस लागला, त्यांना उशीरही झाला असेल. तरी ते पोचले तेव्हा काही करता येण्याजोगं अजून शिल्लक होतं. एवढी सगळी हकीकत ‘इन’ या इवल्याशा शब्दात मावते. शाळेत हे दोन्ही वाक्प्रयोग एकाच दिवशी, एकाच फळ्यावर, ‘वेळेवर’ असा एकच अर्थ देऊन शिकवलेले मला आठवतात. त्यांच्यामध्ये काय दडलं आहे हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली, आणि कळलं तेव्हा इंग्रजीपेक्षा मराठीचंच अधिक आश्चर्य वाटलं. ते का, तिकडे येतोच.

आधी फलाटावर जाऊ. आठ बाराची लोकल आठ बाराला आली, तर ती ‘ऑन टाइम’. तुम्ही आठ दहाला जिना उतरून फलाटावर पोचलात, तर तुम्ही ‘इन टाइम’. आता समजा, तुम्हाला निघायला उशीर झाला. तुम्ही आठ पंधराला धापा टाकत पोचलात, पण गाडीही रखडली होती, ती आठ सोळाला आली. गाडी लेट, तुम्हीही लेट, ‘ऑन टाइम’ कुणीच नाही. तरीसुद्धा तुम्ही ‘इन टाइम’ आहात, कारण गाडी मिळाली! उशीर होऊनही उशीर न झालेला माणूस इंग्रजीला असा चटकन दाखवता येतो.

‘ऑन टाइम’ची नजर घड्याळावर असते. आधी काहीतरी ठरलेलं असावं लागतं: वेळापत्रक, भेट, हप्त्याची तारीख. ‘इन टाइम’ला वेळापत्रकाची गरजच नाही. त्याला एवढंच विचारायचं असतं की दार अजून उघडं होतं ना? म्हणून त्याच्यापुढे ‘कशासाठी’ हा प्रश्न नेहमी लोंबकळत असतो. जेवणासाठी इन टाइम, शेवटची बस पकडायला इन टाइम, बाळाचं पहिलं पाऊल बघायला इन टाइम. ‘ऑन टाइम’ एकट्याने उभं राहू शकतं. कुठला शब्द वापरावा असा पेच पडला तर मी ही एवढीच कसोटी लावते: मनातल्या वाक्यापुढे ‘कशासाठी?’ असं विचारून बघायचं. उत्तर आलं आणि त्या उत्तरातच सगळा जीव असला, तर ‘इन’.

फाटलेल्या कापडाला वेळीच घातलेला एक टाका पुढचे नऊ टाके वाचवतो, अशी इंग्रजीत म्हण आहे. टॉमस फुलर यांनी १७३२मध्ये छापलेल्या म्हणींच्या संग्रहात ती आढळते. त्या म्हणीतला टाका ‘इन टाइम’ आहे. तो ‘ऑन टाइम’ असूच शकत नाही. कापड काही वेळापत्रक लावून फाटत नाही.

हा फरक एकट्या इंग्रजीत आहे असंही नाही. फ्रेंच माणूस ठरल्या वेळी आला तर ‘आ लर’ आला, म्हणजे तासाला आला. संधी निसटण्याआधी आला तर ‘आ ताँ’ आला. जर्मनमध्ये पहिल्यासाठी ‘प्युंक्टलिश’ आहे, त्यात ‘पुंक्ट’ म्हणजे बिंदू बसलेला आहे. दुसऱ्यासाठी ‘रेश्टत्साइटिश’ आहे, त्यात ‘योग्य’ आणि ‘काळ’ हे शब्द हातात हात घालून येतात. एकीकडे बिंदू, दुसरीकडे अवकाश. ‘ऑन’ आणि ‘इन’ यांचंही तेच. ‘ऑन’ म्हणजे वर: एका टोकावर अचूक पाय टेकवणं. ‘इन’ म्हणजे आत: एखादी खोली आहे, तिचं दार बंद व्हायच्या आत तुम्ही उंबरा ओलांडला आहे.

आता मराठी. ‘वेळ’ या शब्दाचं लिंग कोणतं?

क्षणभर थांबा आणि मनात दोन वाक्यं म्हणून बघा. ‘जेवणाची वेळ झाली.’ ‘माझा वेळ वाया गेला.’ पहिल्यात वेळ स्त्रीलिंगी आहे, दुसऱ्यात पुल्लिंगी. आपण दोन्ही रोज, न अडखळता बोलतो. चार वर्षांचं मराठी मूलही यात चुकत नाही. ती वेळ म्हणजे घड्याळावरचा ठिकाणा, प्रसंग, नेमलेला क्षण. तो वेळ म्हणजे अवधी, जो मिळतो, जातो, पुरतो, कमी पडतो. वेळ पाळली, वेळ साधली, वेळ टळली, वेळ मारून नेली: या सगळ्या ‘ती’. वेळ घालवला, वेळ काढला, वेळ लागला, वेळ मोडला: हे सगळे ‘तो’. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं आपण जिवावरच्या संकटातून सुटलेल्या माणसाबद्दल म्हणतो. तिथेही ‘ती’च आहे, कारण तो नेमलेला क्षण आहे.

सगळ्यात लखलखीत उदाहरण पुन्हा डॉक्टरांचंच. ‘डॉक्टरांनी मला वेळ दिली.’ ‘डॉक्टरांनी मला वेळ दिला.’ पहिल्या वाक्यात तुम्हाला सोमवारी पाचला बोलावलं आहे. दुसऱ्यात त्यांनी तुमच्यासमोर बसून, घाई न करता, तुमचं सगळं ऐकून घेतलं आहे. क्रियापदाची एक वेलांटी जाऊन काना आला, आणि चिठ्ठीवरची नोंद माणुसकी झाली. इंग्रजीला हे साधायला ‘अ’ हे उपपद लागतं. ‘गेव्ह मी अ टाइम’ म्हणजे वेळ दिली, ‘गेव्ह मी टाइम’ म्हणजे वेळ दिला. मराठीने हेच काम लिंगावर सोपवलं आहे.

म्हणजे जो भेद इंग्रजी ‘ऑन’ आणि ‘इन’ने सुचवते, त्याच्या मुळाशी असलेली दोन चित्रं, बिंदूचं आणि अवधीचं, आपल्या भाषेत शब्दाच्या अंगातच भिनलेली आहेत. विभक्ती लागली की ती आणखी स्पष्ट दिसतात. ‘थोड्या वेळात’ म्हणताना ‘वेळा’ होतो, तो पुल्लिंगी, अवधी. ‘ठरल्या वेळेत’ म्हणताना ‘वेळे’ होते, ती स्त्रीलिंगी, नेमलेली. ‘वेळेवर’ या शब्दात तर ‘वर’ म्हणजे साक्षात ‘ऑन’ आहे. आणि ‘इन टाइम’साठी आपल्याकडे एक सुरेख शब्द आहे, जो शाळेच्या फळ्यावर मला कुणी दाखवला नाही: ‘वेळीच’. वेळीच उपचार मिळाले. वेळीच सावध झालो. वेळीच कान पिळला असता तर. शेवटचा तो ‘च’ किती काम करतो पाहा! उशीर होण्याची सगळी धास्ती त्या एका अक्षरात आहे. ‘बसचे पैसे वेळेवर दिले’ यात धास्ती नाही, शिस्त आहे. ‘वेळीच ब्रेक लागला’ यात मात्र काळजाचा ठोका चुकलेला ऐकू येतो.

तर ढोबळ मानाने, ऑन टाइम म्हणजे वेळेवर, इन टाइम म्हणजे वेळीच. पण मराठीतला ‘वेळेवर’ मनाने मोठा आहे. तो दोन्ही घरी राहतो. ‘तू अगदी वेळेवर आलास रे, नाहीतर मी एकटी काय करणार होते’, असं म्हणणाऱ्या बाईने त्याला कुठलीही वेळ दिलेली नव्हती. या औदार्यामुळेच इंग्रजी बोलताना आपली गल्लत होते.

आता थोडं मागे जायला हवं. ‘इन टाइम’ इंग्रजीत कितीतरी जुनं आहे. ठरल्या वेळी या अर्थाचं ‘ऑन टाइम’ त्या मानाने लहान. ते रुळलं एकोणिसाव्या शतकात, आणि अक्षरशः रुळांवरच रुळलं. अमेरिकेतल्या रेल्वेच्या बोलीतून ते पुढे आलं. याचं कारण साधं आणि विस्मयकारक आहे. मिनिटाच्या काटेकोरपणाने ‘वेळेवर’ येण्यासाठी आधी सगळ्यांची वेळ एक असावी लागते, आणि रेल्वे येईपर्यंत ती तशी नव्हतीच.

सूर्य डोक्यावर आला की गावात बारा वाजत. प्रत्येक गावाचा सूर्य आपापल्या क्षणी डोक्यावर येतो. इंग्लंडमधलं ब्रिस्टल लंडनच्या पश्चिमेला आहे, म्हणून तिथले बारा लंडनच्या बारानंतर सुमारे दहा मिनिटांनी वाजत. घोड्यांच्या गाडीतून जाणाऱ्याला याचं काही वाटत नसे. पण ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४०मध्ये आपल्या सगळ्या स्थानकांवर लंडनची वेळ लावली, आणि ब्रिस्टलचा माणूस आपल्या घड्याळाप्रमाणे चोख निघूनही गाडी चुकवू लागला. तिथल्या कॉर्न एक्स्चेंजच्या इमारतीवर आजही एक घड्याळ आहे, ज्याला मिनिटांचे दोन काटे आहेत. एक ब्रिस्टलची वेळ दाखवतो, दुसरा लंडनची. शहराने लंडनची वेळ अधिकृतपणे स्वीकारली ती १८५२ साली. या घड्याळाचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खूप वेळ त्या दोन काट्यांमधल्या फटीकडेच बघत राहिले. त्या फटीत उभा असलेला माणूस वेळेवर आहे की नाही?

ऑक्सफर्डला तर ती फट अजून ऐकू येते. लंडनपेक्षा ऑक्सफर्ड पाच मिनिटं मागे. तिथल्या क्राइस्ट चर्च कॉलेजच्या बुरुजावरची ‘ग्रेट टॉम’ नावाची घंटा रोज रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी १०१ वेळा वाजते. कॉलेजच्या एके काळच्या १०१ विद्यार्थ्यांसाठी एकेक टोल. घड्याळात नऊ पाच, पण ऑक्सफर्डच्या सूर्याप्रमाणे तेव्हा नऊच वाजलेले असतात.

आणि लंडनमध्ये वेळ चक्क विकली जाई. ग्रिनिच वेधशाळेत काम करणाऱ्या जॉन हेन्री बेलव्हिल यांनी १८३६मध्ये हे काम सुरू केलं. वेधशाळेच्या घड्याळाशी आपलं खिशातलं घड्याळ जुळवायचं आणि शहरातल्या घड्याळजींना ते दाखवत फिरायचं. त्यांच्यामागे पत्नीने ते चालवलं, आणि मग मुलगी रूथ हिने. घड्याळ जॉन अरनॉल्ड या कारागिराने बनवलेलं, म्हणून तिने त्याचं नावच अरनॉल्ड ठेवलं होतं. तार आली, रेडिओ आला, तरी दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत ही बाई पर्समध्ये वेळ घेऊन लंडनभर पायी फिरत होती. तिच्या गिऱ्हाइकांना ती ‘ती वेळ’ विकत असे. त्यासाठी चालण्यात तिचा ‘तो वेळ’ किती गेला असेल.

हा इतिहास आपल्यालाही शिवून गेला आहे. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. पुढे देशभरातल्या रेल्वेने मद्रासची वेळ धरली, आणि मद्रास मुंबईच्या अर्धा तास पुढे. १८८१मध्ये मुंबईवरही ती वेळ लादण्याचा प्रयत्न झाला, लोकांनी तो मानला नाही, आणि दोन वर्षांत तो सोडून द्यावा लागला. १ जानेवारी १९०६पासून आजची भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईचा सूर्य तिच्या ३९ मिनिटं मागे चालतो. तरी शहरात ‘बॉम्बे टाइम’ जपला गेला तो थेट १९५०च्या दशकापर्यंत! म्हणजे आज नव्वदीत असलेल्या मुंबईकराच्या लहानपणी ‘किती वाजले’ याला दोन उत्तरं होती, आणि ‘वेळेवर ये’ म्हटल्यावर ‘कुठल्या?’ असं विचारणं हा उद्धटपणा नव्हता.

एक वेळ ठरली, तरी ‘ऑन टाइम’चा बिंदू केवढा हा प्रश्न उरतोच. बिंदूला लांबी-रुंदी नसते असं भूमितीत शिकलो. रेल्वेच्या बिंदूला असते. स्वित्झर्लंडमध्ये तीन मिनिटांच्या आत आलेली गाडी वेळेवर मानली जाते. जर्मनीत सहा मिनिटांच्या आत. अमेरिकेत विमान पंधरा मिनिटांपेक्षा कमी उशिरा आलं, तर सरकारी हिशेबात ते ‘ऑन टाइम’. आणि जपानमध्ये नोव्हेंबर २०१७मध्ये त्सुकुबा एक्स्प्रेसची एक गाडी वीस सेकंद लवकर सुटली, तेव्हा कंपनीने जाहीर माफी मागितली. वीस सेकंद लवकर! माफीचं कारण पुन्हा आपल्या दोन शब्दांतच आहे. त्या वीस सेकंदांत कुणी ‘इन टाइम’ फलाटावर पोचला असता, आणि गाडी ‘ऑन टाइम’ न सुटल्यामुळे त्याची चुकली असती. आपल्याकडे चौकशीच्या खिडकीवर ‘राइट टाइम’ हा शब्द ऐकू येतो, तो मला फार आवडतो. गाडी राइट टाइम आहे. जणू वेळ चुकीचीही असू शकते.

आता आसपासची मंडळी. ‘पंक्च्युअल’ हा शब्द लॅटिन ‘पुंक्तुम’वरून आला. अर्थ टोचून पाडलेलं भोक, टिंब. पंक्चर, पॉइंट आणि पंक्च्युएशन म्हणजे विरामचिन्हं ही सगळी याची भावंडं. वक्तशीर माणूस आणि सायकलच्या चाकात घुसलेला खिळा शब्दाच्या वंशावळीत सख्खे शेजारी आहेत. ‘ऑन द डॉट’ म्हटलं की तेच टिंब पुन्हा समोर येतं. ‘इन द निक ऑफ टाइम’मधला ‘निक’ म्हणजे खाच. काळाची एक काठी आहे, तिच्यावर सुरीने बारीक खाच पाडली आहे, आणि तुम्ही नेमके त्या खाचेत येऊन बसलात. यात जीव थोडक्यात वाचल्याचा भाव असतो. तो ‘जस्ट इन टाइम’पेक्षा अधिक थरारक आहे आणि ‘अॅट द लास्ट मिनिट’पेक्षा अधिक कृतज्ञ. शेवटच्या मिनिटाला येणाऱ्याबद्दल इंग्रजी माणूस थोडा नाराज असतो. खाचेत येणाऱ्याला तो मिठी मारतो. मराठीत दोघेही ‘ऐनवेळी’च येतात. ‘ऐनवेळी धावून आला’ आणि ‘ऐनवेळी पाय मागे घेतला’. हा ‘ऐन’ अरबीतून आला, तिथे त्याचा एक अर्थ डोळा. वेळेच्या डोळ्यात, असं त्याचं चित्र मी मनात रंगवते.

‘इलेव्हन्थ अवर’ म्हणजे अकरावा तास. हा मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या एका दृष्टान्तातून आला. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या तासाला आणखी, आणि शेवटी अकराव्या तासालाही. उजाडल्यापासून मावळेपर्यंत बारा तास मोजत, म्हणजे अकरावा तास संध्याकाळी पाचच्या सुमाराचा. दिवस संपल्यावर धनी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. आज आपण हा शब्द धांदलीसाठी वापरतो, पण मूळ गोष्टीत ते मजूर उशिरा आलेले नाहीतच. त्यांना कुणी काम दिलं नव्हतं म्हणून ते थांबले होते. ते ‘ऑन टाइम’ नव्हते, पण ‘इन टाइम’ होते, आणि धन्याला तेवढं पुरलं.

‘डेडलाइन’ मात्र अंगावर येते. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६४ साली जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांचा तळ होता. कुंपणाच्या आत सुमारे १९ फुटांवर लाकडाची एक बुटकी आडवी पट्टी ठोकलेली होती. ती ओलांडणाऱ्याला पहारेकरी गोळी घालत. तीच ती डेडलाइन. त्या तळावर जवळपास ४५ हजार कैदी येऊन गेले आणि त्यांपैकी सुमारे १३ हजार तिथेच मेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी मजकूर देण्याच्या मुदतीला तो शब्द लावला. आज ऑफिसात कुणी सहज ‘डेडलाइन कधी आहे’ असं विचारलं, की मला ती बुटकी पट्टी दिसते.

जपानी लोकांनी ‘जस्ट इन टाइम’चं काय केलं तेही सांगायला हवं. किइचिरो तोयोदा यांनी १९३०च्या दशकात मोटारीच्या कारखान्यासाठी हे इंग्रजी शब्द उचलले, आणि युद्धानंतर ताइइची ओनो यांनी त्यांची पद्धत बसवली. सुटा भाग हवा तेव्हा, हवा तेवढाच, हवा तिथे यायचा. उशिरा नको, पण आधी येऊन गोदामात पडूनही नको. गंमत अशी की सामान्य इंग्रजीत ‘इन टाइम’ येणाऱ्याला लवकर येण्याची पूर्ण मुभा असते. जपानी कारखान्याने ‘इन’ची ऐसपैस खोली दोन्ही बाजूंनी भिंती सरकवून इतकी अरुंद केली, की ती जवळजवळ ‘ऑन’चा बिंदूच झाली.

मराठी माणसाचा पाय जिथे हमखास घसरतो ती जागा वेगळी आहे: ‘पर्यंत’. ‘पाचपर्यंत काम संपव’ आणि ‘पाचपर्यंत काम कर’. आपल्याला दोन्हींना एकच शब्द पुरतो, कारण ‘संपव’ आणि ‘कर’ हे एकमेकांपासून पुरेसे वेगळे आहेत. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय फाइव्ह’ आणि दुसऱ्याला ‘टिल फाइव्ह’. ‘बाय’मध्ये पाच हे कुंपण आहे, अलीकडे कधीही उडी मारा. ‘टिल’मध्ये पाचपर्यंतचा सगळा रस्ता चालून जायचा आहे. परदेशातल्या सहकाऱ्याला ‘आय विल सेंड इट टिल फाइव्ह’ लिहिलं, तर तो बिचारा पाचपर्यंत आपण सतत काहीतरी पाठवत राहणार असं समजेल. आपल्याकडे ‘बाय’च्या सगळ्यात जवळचा शब्द आहे ‘आत’. सातच्या आत घरात. पाहा, इथेही काळाची खोलीच आहे. तसंच ‘तासाभरात येतो’ आणि ‘तासाभराने येतो’ यांचं. इंग्रजी ‘इन अॅन अवर’ दिसतं ‘तासाभरात’सारखं, पण अर्थ बहुधा ‘तासाभराने’. तासाच्या आत यायचं असेल तर ‘विदिन’ म्हणावं लागतं.

आणि ‘लगेच’चं काय होतं? जुन्या इंग्रजीत ‘सून’चा अर्थ होता ताबडतोब. आज तो ‘लवकरच’ आहे, आणि तो लवकर कधी येईल सांगता येत नाही. ‘अनॉन’चा अर्थ होता थेट, त्या क्षणी, तोही ढळून ‘थोड्या वेळाने’ झाला. ‘प्रेझेंटली’चंही तेच. शतकानुशतकं माणसं ‘आत्ता आलो’ म्हणून थोडी उशिरा येत गेली, आणि शब्दांनी त्यांच्यावर विश्वास ठेवणं हळूहळू सोडून दिलं. आपल्या ‘एवढ्यात येतो’मध्ये किती मिनिटं असतात, हे प्रत्येक घरातल्या आईला ठाऊक आहे.

इंग्रजीत काळासाठी ‘टाइम’खेरीज आणखी एक जुना शब्द होता: ‘टाइड’. आज त्याचा अर्थ भरती-ओहोटी. पण मुळात तो वेळच होता. जर्मन ‘त्साइट’ त्याचा भाऊ, आणि नाताळच्या दिवसांना अजूनही ‘क्रिसमसटाइड’ म्हणतात. समुद्र ज्या नेमाने येतो-जातो त्यालाच पुढे ‘वेळ’ हे नाव पडलं. टाइम आणि टाइड कुणासाठी थांबत नाहीत, या म्हणीत मूळचा समुद्र नव्हताच. ‘टायडी’, म्हणजे नीटनेटका, हा शब्दही यातूनच आला. त्याचा आधीचा अर्थ होता वेळच्या वेळी होणारा. जे वेळच्या वेळी होतं ते आपोआप नीटनेटकं दिसतं, असं कुणाला तरी वाटलं असेल. आता संस्कृतमध्ये या. आपली ‘वेळ’ ज्या ‘वेला’वरून आली, तिचे संस्कृतमधले अर्थ काय? मर्यादा, समुद्रकिनारा, भरती, आणि वेळ. हजारो मैलांच्या अंतरावरच्या दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, वेळेचा आणि भरतीचा शब्द एकच ठेवला. हे मला कळलं त्या दिवशी मी कोकणातल्या आमच्या घरी होते, आणि संध्याकाळी पुळणीवर गेल्यावर त्या वाळूवरच्या ओल्या रेषेकडे मला वेगळ्याच नजरेने बघावंसं वाटलं. पाणी त्या रेषेवर आलं होतं. रेषेच्या आत आम्ही उभे होतो.

‘इन टाइम’चा आणखी एक अर्थ राहिला. वाद्यवृंदात सगळे एका लयीत वाजवतात तेव्हा ते ‘इन टाइम’ असतात. आपण म्हणतो, तालात, लयीत. ‘त’ म्हणजे आत. आणि ठोक्यावर नेमकं येणं हे इंग्रजीत ‘ऑन द बीट’. आपण म्हणतो, समेवर. ‘वर’. इथे दोन्ही भाषा अव्ययांसकट एकमेकींना भेटतात. बडा ख्याल ऐकताना ज्या लयीत गवई बसलेला असतो तिचं नावच विलंबित आहे. विलंब हा शब्द इथे दोष नाही, लयीचं नाव आहे. अतिविलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन मिनिटभरही चालू शकतं. त्या मिनिटात गवई मात्रेच्या मागे रेंगाळतो, पुढे झेपावतो, घड्याळाच्या हिशेबात एकही स्वर ‘ऑन टाइम’ टाकत नाही. तबलजी ठेका सोडत नाही, तानपुरे चालूच असतात. तो वेळ संपत येतो, आपण श्वास धरतो, अकरावी मात्रा जाते, बारावी जाते, आणि मुखडा घेऊन तो समेवर येतो, ती वेळ होते, आणि सगळ्या सभागृहाच्या माना एकदम खाली येतात.